६९९ रुपयांत १ टीबीचं कार्ड? गेमिंग हँडहेल्डमध्ये टाकायच्या आधी हे वाचा

माझा मावसभाऊ भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीचा. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दीड वर्ष पैसे साठवून त्याने विंडोजवर चालणारा एक सेकंड हँड गेमिंग हँडहेल्ड घेतला. हँडहेल्ड म्हणजे हातात मावणारा कॉम्प्युटर. मधे स्क्रीन, दोन बाजूंना बटणं, आणि आत खऱ्या पीसीवरचे गेम. तीन मोठे गेम टाकले आणि आतली जागा संपली. मग त्याने ऑनलाईन ६९९ रुपयांत १ टीबीचं मेमरी कार्ड मागवलं.

गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला त्याचा फोन आला. "ताई, कार्डावर चार गेम टाकले. चारही दिसून राहिले, पण एकही उघडून नाही राहिला."

मी विचारलं, कार्ड कितीला घेतलं? त्याने आकडा सांगितला आणि पुढचं सगळं माझ्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून कार्डाची तपासणी करून घेतली. १ टीबी म्हणून आलेल्या त्या कार्डात खरी जागा होती २९ जीबी. बाकी सगळी थाप.

आता तुम्ही म्हणाल, ६९९ रुपयांत १ टीबी मिळत नसतं एवढं कळू नये का? पण हा प्रश्न एकट्या साकोलीच्या पोराचा नाही. सध्या मेमरीच्या बाजारात जे चाललंय ते बघता अशी कार्डं अजून जास्त पोरांच्या गळ्यात पडणार आहेत.

मेमरी महाग का झाली?

मेमरीच्या चिप्स बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या जगात हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच आहेत. सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन, किऑक्सिया, सॅनडिस्क. २०२५ पासून एआयच्या डेटा सेंटर्सनी या कंपन्यांचा माल उचलायला सुरुवात केली. एआयच्या सर्व्हरला भरपूर रॅम लागते, तशीच साठवणुकीची मेमरीही लागते. साठवणुकीच्या मेमरीला नँड म्हणतात. तुमच्या फोनमध्ये, एसएसडीमध्ये आणि मेमरी कार्डात असते ती हीच. डेटा सेंटरवाला एका वेळी ट्रक भरून माल घेतो, भाव करत बसत नाही. मग कंपन्यांनी आधी कोणाला माल द्यावा? उत्तर उघड आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये सॅनडिस्कने आपल्या मालाच्या किमती १० टक्क्यांहून जास्त वाढवत असल्याचं जाहीर केलं. ३ डिसेंबर २०२५ ला मायक्रॉनने तर सामान्य ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकणारा आपला क्रुशियल हा ब्रँडच बंद करत असल्याचं सांगितलं. कारण तेच, एआयच्या डेटा सेंटरची मागणी. फेब्रुवारी २०२६ मध्ये स्टीम डेक बनवणाऱ्या वाल्वने आपल्या साईटवर लिहिलं की मेमरी आणि स्टोरेजच्या टंचाईमुळे काही भागांत डेक मधूनमधून मिळणार नाही.

मधे मला एकाने विचारलं, मायक्रॉनचा कारखाना गुजरातेत सानंदला येतोय ना, मग भारतात कार्डं स्वस्त होतील का? नाही. तिथे चिप्सचं पॅकेजिंग आणि टेस्टिंग होतं. मूळ चिप बाहेरूनच येते आणि तिचा भाव जगाच्या बाजारात ठरतो.

अस्सल माल महागला की नकली मालाची जाहिरात आपोआप होते. भाव चढला की पोत्यावरचं नाव आणि आतला दाणा जुळेलच असं नाही, हे भंडाऱ्यासारख्या धानाच्या पट्ट्यातल्या माणसांना सांगायला नको. कार्डाचंही तेच होतं. फरक एवढाच की धानाचं पोतं उघडून हातात घेऊन बघता येतं.

भंडाऱ्यात कार्ड एवढं महत्त्वाचं का?

मोठ्या शहरात फायबर असेल तर कार्ड ही चैन आहे. गेम खेळून झाला, काढून टाकला, हवा तेव्हा पुन्हा डाऊनलोड केला. साकोली, लाखांदूर, पवनीकडच्या गावांत अनेकांचं सगळं इंटरनेट म्हणजे मोबाईलचा रोजचा २ जीबी. बाल्डर्स गेट ३ ला १५० जीबी जागा लागते. रेड डेड रिडेम्प्शन २ लाही तेवढीच. रोजचे २ जीबी धरले तर एक गेम उतरवायला ७५ दिवस. तेही व्हॉट्सअ‍ॅप, रील्स, क्लासचे व्हिडिओ सगळं बंद ठेवून. ५जी चांगलं पकडत असेल आणि अनलिमिटेडचा प्लॅन असेल तर गोष्ट वेगळी.

म्हणून माझा भाऊ काय करतो, तर त्याचा नागपुरात राहणारा मित्र आपल्या लॅपटॉपवर, भावाच्याच अकाऊंटवरून, विकत घेतलेला गेम उतरवतो आणि कार्डावर टाकतो. मग शनिवारी लालपरीने कार्ड साकोलीला. शंभरेक किलोमीटरचा प्रवास आणि १५० जीबी घरी पोचलं. गणित केलं तर एसटीचा स्पीड गावातल्या नेटवर्कपेक्षा कितीतरी जास्त भरतो.

ज्यांना २०१० च्या आसपासचे दिवस आठवतात, त्यांना यात नवीन काही वाटणार नाही. तेव्हा प्रत्येक तालुक्याच्या बसस्टँडजवळ एक तरी मोबाईलवाला असायचा, जो दहा-वीस रुपयांत कार्ड 'भरून' द्यायचा. २ जीबीचं कार्ड द्या आणि पिक्चरची गाणी, भीमगीतं, कव्वाल्या, कॉमेडी क्लिपा घेऊन जा. (पायरसी होती का? होती. तेव्हा तसं कोणाला वाटत नव्हतं.) सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि तो धंदा बसला. आता गेम एवढे फुगलेत की कार्ड पुन्हा फिरायला लागलंय.

तुमच्या मित्राकडे तोच गेम असेल आणि दोघंही एकाच वाय-फायवर असाल, तर कार्डाचीही गरज नाही. स्टीमने २०२३ मध्ये लोकल नेटवर्कवरून गेम कॉपी करायची सोय दिली आहे. इंटरनेटचा डेटा जवळजवळ खर्च होत नाही. हॉस्टेलच्या पोरांनी तर ही सेटिंग आजच चालू करावी.

कार्डावरचं लिहिलेलं वाचायचं कसं?

कार्डावर नखाएवढ्या जागेत दहा खुणा असतात. त्यातल्या निम्म्या आपल्या कामाच्या नाहीत.

सगळ्यात मोठ्या अक्षरात असतो तो स्पीड, '२०० एमबी पर सेकंद' वगैरे. हा आकडा बघून पैसे जास्त देऊ नका. स्टीम डेकचा स्लॉट यूएचएस-१ प्रकारचा आहे आणि या प्रकाराची कमाल मर्यादा १०४ एमबी पर सेकंद आहे. तुम्ही २०० वालं टाका नाहीतर १७० वालं, डेकमध्ये ते शंभरच्या पुढे जात नाही. मोठा आकडा त्याच कंपनीच्या खास रीडरमध्ये मिळतो, आणि ते पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. आरओजी अ‍ॅलायमध्ये त्याहून वेगवान यूएचएस-२ स्लॉट आहे, पण त्या प्रकारची कार्डं कॅमेरावाल्यांसाठी असतात आणि किमतीही तशाच.

मग बघायचं काय? इंग्रजी 'यू' अक्षराच्या आत ३ आहे का, किंवा 'व्ही ३०' लिहिलंय का ते बघा. दोन्हीचा अर्थ एकच, कार्ड लिहिताना किमान ३० एमबी पर सेकंदाच्या खाली जाणार नाही. नागपूरहून येणारा गेम कॉपी होताना रात्र जागवायची नसेल तर हे हवंच.

दुसरी खूण 'ए१' किंवा 'ए२'. गेम म्हणजे एक मोठी फाईल नसते, हजारो बारीक फायलींचा तो ढीग असतो. कार्डाला एका सेकंदात किती वेळा इकडून तिकडे उड्या मारून वाचता येतं, ते ही खूण सांगते. ए१ म्हणजे सेकंदाला किमान १५०० वेळा वाचन आणि ५०० वेळा लेखन. ए२ म्हणजे ४००० आणि २०००. ऐकायला ए२ भारी वाटतं, पण त्याला उपकरणाची साथ लागते आणि ती सगळीकडे मिळतेच असं नाही. माझं मत विचाराल तर ए२ त्याच भावात मिळत असेल तर घ्या, नाहीतर ए१ आणि यू३ वर खुशाल थांबा. वाचवलेल्या पैशांत जागा वाढवून घ्या, ती जास्त उपयोगी पडते.

दुकानदार कधीकधी सीसीटीव्हीवालं 'हाय एन्ड्युरन्स' कार्ड पुढे करतो. ते रात्रंदिवस लिहिणाऱ्या कॅमेऱ्यासाठी असतं. गेम एकदा लिहिला जातो आणि मग फक्त वाचला जातो. गरज नाही.

आणि एक नवा घोळ. जून २०२५ मध्ये निंटेंडोचा स्विच २ आला. त्यात गेमसाठी फक्त 'मायक्रोएसडी एक्स्प्रेस' चालतं, साधं कार्ड चालत नाही. हे एक्स्प्रेस कार्ड बरंच महाग असतं. डेकमध्ये टाकलं तर चालतं, पण जुन्या कार्डाच्याच स्पीडने. म्हणजे एक्स्प्रेस गाडीचं तिकीट काढून पॅसेंजरमध्ये बसल्यासारखं. उलट स्विच २ वाल्याने स्वस्त म्हणून साधं कार्ड घेतलं तर पैसे पाण्यात.

नकली कार्ड खोटं बोलतं कसं?

कार्डात दोन गोष्टी असतात. साठवणारी चिप, आणि तिचा कारभार बघणारा छोटा कंट्रोलर. कॉम्प्युटर विचारतो, जागा किती? उत्तर कंट्रोलर देतो. नकली माल बनवणारा ३२ जीबीची चिप घेतो आणि कंट्रोलरला शिकवतो, १ टीबी म्हणून सांग. विंडोज विश्वास ठेवतं. फायलींची यादी कार्डाच्या सुरुवातीच्या भागात लिहिली जाते, ती नीट राहते. त्यामुळे गेम दिसतो. पण खरी जागा संपली की पुढचा डेटा कुठेच लिहिला जात नाही, किंवा आधीच्या डेटावर चढतो. भावाला चारही गेम दिसत होते आणि एकही उघडत नव्हता, तो याचमुळे.

फॉरमॅट केल्याने हे सुधारत नाही. नेहमीचं क्विक फॉरमॅट फक्त यादी कोरी करतं, आतली जागा तपासत नाही. तपासायचं असेल तर कार्ड काठोकाठ भरून परत वाचावं लागतं. विंडोजवर त्यासाठी एच२टेस्टडब्ल्यू नावाचं जुनं आणि फुकट सॉफ्टवेअर आहे, लिनक्स आणि मॅकवर एफ३. ५१२ जीबीच्या कार्डाला चार ते सहा तास लागू शकतात. रात्री लावून झोपा. हे काम कार्ड आलं त्याच दिवशी करायचं, कारण परत करायची मुदत तुमची परीक्षा संपायची वाट बघत नाही. भावाने कार्ड पंधरा दिवस हळूहळू भरलं, आणि ते भरेपर्यंत मुदत गेली होती.

एक साधी खूण लक्षात ठेवा. आपल्याकडे वापरात असलेली मोठी कार्डं एसडीएक्ससी प्रकारची असतात आणि त्या प्रकाराची मर्यादाच २ टीबी आहे. कोणी ८ टीबीचं मायक्रोएसडी हजार रुपयांत देत असेल तर तपासणीचीही गरज नाही.

याच्या उलट, अस्सल कार्डालाही उगाच नकली ठरवू नका. ५१२ जीबीचं कार्ड विंडोजमध्ये ४७६ दाखवतं आणि १ टीबीचं ९३१. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत. यात कोणीही काही चोरलेलं नसतं.

फॉरमॅट कशात करायचं?

हे कोणत्या हँडहेल्डमध्ये कार्ड जाणार त्यावर ठरतं, आणि इथेच पोरं स्वतःच्या हाताने घात करून घेतात.

स्टीम डेक लिनक्सवर चालतो. त्याच्या सेटिंगमधूनच कार्ड फॉरमॅट करा, तो ईएक्सटी४ पद्धतीने करतो. हे कार्ड विंडोजला वाचता येत नाही. मित्राच्या लॅपटॉपला लावलं की विंडोज म्हणतं, 'डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल.' तिथे हो म्हटलं की सगळे गेम गेले. कार्ड खराब झालेलं नसतं, विंडोजला ती लिपी येत नसते एवढंच. नाही म्हणा आणि कार्ड काढून घ्या.

आरओजी अ‍ॅलाय, लिजन गो यांच्यासारख्या विंडोजवाल्या हँडहेल्डसाठी एनटीएफएस. कार्ड नवं असताना बहुतेक वेळा एक्सफॅटमध्ये येतं. कॅमेऱ्याला आणि फोनला ते बरं, गेमला नाही. मोठ्या कार्डावर विंडोजचं एक्सफॅट प्रत्येक फाईलला किमान १२८ केबीचा खण देतं, मग फाईल २ केबीची का असेना. एनटीएफएसचा खण ४ केबीचा असतो. बारीक फायली जिथे हजारोंनी असतात तिथे हा फरक कित्येक जीबी खाऊन जातो. शिवाय एक्सबॉक्स अ‍ॅपवरचे गेम एनटीएफएस नसेल तर बसतच नाहीत. फॅट३२ चा विचारही करू नका, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एकही फाईल मावत नाही.

फॉरमॅट करताना 'अलोकेशन युनिट साईझ' असा रकाना दिसेल. त्याला हात लावू नका, जे आहे ते राहू द्या.

आणखी एक. हँडहेल्ड स्लीपमध्ये असताना कार्ड ओढून काढू नका. स्क्रीन काळी असली तरी गेम आत चालूच असतो. आधी गेम बंद, मग कार्ड बाहेर.

आणि आपला उन्हाळा

हे परदेशातल्या रिव्ह्यूमध्ये सापडत नाही. वाल्वने २०२२ मध्येच सांगून ठेवलंय की डेक ० ते ३५ अंश तापमानात सगळ्यात चांगला चालतो. नवतप्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास असतो. म्हणजे कूलरसमोर बसल्याशिवाय मे महिन्यात दुपारी खेळायचं नाव काढू नये. जुलै २०२३ मध्ये आसूसने मान्य केलं होतं की आरओजी अ‍ॅलाय जास्त तापल्यावर त्याचा कार्ड रीडर बिघडू शकतो. नंतरच्या अ‍ॅलाय एक्समध्ये त्यांनी स्लॉटची जागाच बदलली. जुना अ‍ॅलाय सेकंड हँड घेत असाल तर कार्ड स्लॉट तपासून घ्या. अर्धा तास मोठा गेम खेळा, यंत्र तापू द्या, आणि मग कार्ड दिसतंय का बघा.

फसलात तर?

माझ्या भावाचं पहिलं वाक्य होतं, "६९९ रुपयांसाठी कोण भांडत बसणार?" नकली कार्डाचा अख्खा धंदा याच वाक्यावर उभा आहे. रक्कम मुद्दाम अशी ठेवलेली असते की राग येतो पण कोणी उठत नाही.

पण कायदा तुम्हाला वाटतो तितका लांब नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ऑनलाईन विक्रीच्या साईटला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. त्याने भागलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५. पुढची पायरी ग्राहक आयोग. इथे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक मोठी गोष्ट केली आहे. विकणारा दिल्लीत असो की आणखी कुठे, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे साकोलीच्या पोराला भंडाऱ्याच्या जिल्हा आयोगात जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी शून्य. दोन वर्षांची मुदत. ई-जागृती पोर्टलवरून तक्रार ऑनलाईनही होते.

यासाठी बिल, विक्रेत्याचं नाव दिसणारा ऑर्डरचा स्क्रीनशॉट, पाकीट उघडतानाचा व्हिडिओ आणि तपासणीत आलेला आकडा एवढं जपून ठेवा. बिलाचा मुद्दा दुकानालाही लागू आहे. सीताबर्डीत घ्या नाहीतर साकोलीच्या चौकात, पक्कं बिल देत नसेल तर शंभर रुपये स्वस्त पडूनही ते महागच.

भावाने शेवटी १९१५ ला फोन केला. हे लिहीपर्यंत पैसे आलेले नाहीत, तक्रारीचा क्रमांक आलाय. दरम्यान त्याने नागपूरच्या मित्राकरवी ५१२ जीबीचं ए१, यू३ कार्ड बिलासकट मागवलं. आल्या रात्रीच तपासणी लावली. सकाळी सात वाजता त्याचा फोन.

"ताई, तपासणीत पास झालं. पण हे ४७६च काहून दाखवून राहिलं? पुन्हा फसवलं का मले?"